ब्रेन हॅमरेजनंतर चालतो-बोलतो, पण डोकं अजून थाऱ्यावर नाही. कोणाला असा अनुभव?

कृषीकेंद्रवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वय सत्तेचाळीस. मागच्या पोळ्याच्या सुमारास मेंदूत रक्तस्राव झाला. बीपीमुळे नस फुटली असं डॉक्टरांनी सांगितलं. उजव्या बाजूला, आत खोल. ऑपरेशन लागलं नाही. नागपूरला आयसीयूत होतो, गाठ हळूहळू विरली. डावा हात-पाय गेला होता. पाय जवळपास पूर्ण परत आला, हात बराचसा.

आता अडचण अशी की मी बरा दिसतो. पारावर बसलो की लोक म्हणतात, गजानन महाराजांची कृपा, भाऊ तं ठणठणीत झाले! आणि मला सकाळी अकरा वाजताच असा थकवा येतो की शटर अर्धं ओढून आत आडवा होतो. पोतं उचललं, वखर हाकला तर थकवा कळतो, हा बसल्या बसल्या येतो.

दुसरं म्हणजे आवाज. लग्नसराई सुरू आहे, गावात रोज डीजे. वरात दुकानासमोरून गेली की त्या दिवशी पुढे मी कामाचा उरत नाही. दोन माणसं एकदम बोलली तरी कोणाचंच काही समजत नाही. राग पटकन येतो, आणि कधीकधी रडू, तेही टीव्हीवरच्या जाहिरातीला. डाव्या खांद्यात कळ असते. खातेवहीत चुका होतात. एकाने भरलेले पैसे त्याला परत मागितले आणि दुकानातच भांडण झालं.

मृगाला आता फार दिवस नाहीत. जूनमध्ये बियाणं-खताला काउंटरवर कशी झुंबड असते ते तुम्हाला माहीत आहे. तर विचारायचं एवढंच: हे सगळं कधी जातं? तोवर हंगामात दुकानात बसावं की नाही? आणि लोकांना काय सांगावं?

---

रानपाखरू

डीजे तं मलेही सहन होत नाही बापा, अन् मले तं काही झालंबी नाही.

---

संत्रावाली

भाऊ, आमच्या घरी हेच झालं, वरुडकडे. यांना तीन वर्षांपूर्वी. तुम्ही लिहिलेला थकवा मी रोज पाहिला आहे. पहिलं वर्ष तर असं की दाढी केली, अंघोळ केली, की परत बाजेवर.

आमच्या सासूबाईंनी सांगितलेलं सगळ्यात कामी आलं. त्या म्हणायच्या, "हे डोकं म्हंजे उन्हाळ्यातली विहीर हाये. उपसून कोरडी कायले करता? थोडं उपसा, झिरपू द्या, मंग परत उपसा." आम्ही तसंच केलं. थकायची वाटच पाहायची नाही, त्याआधीच पडायचं. सकाळी एक काम, मग अंधाऱ्या खोलीत पाऊण तास, मोबाईल बाहेर. संध्याकाळी दुसरं काम. बाजार आणि पाहुणे एका दिवशी नाहीत. एखाद्या दिवशी बरं वाटलं म्हणून चार दिवसांची कामं उरकली की पुढचे दोन दिवस गेलेच समजा.

आता ते बागेत जातात, ट्रॅक्टर मात्र मुलगाच चालवतो. दुपारची झोप अजून लागतेच. पूर्ण गेलं का म्हणाल तर नाही, पण जगण्याच्या आड येत नाही.

---

नाना_बाभूळगाव

आमच्या इकडे एक जण लकव्याचं औषध देते. एक पुडी अन् अंगाले लावाले तेल. पहिले कबुतराचं रक्त लावत होते, आता बंद केलं म्हने. आमच्या मामाले फरक पडला. जाऊन पाहाले काय जाते?

---

गावडॉक्टर

नाना, पाहायला जीव जाऊ शकतो, म्हणून जरा कडक लिहितो. लकवा दोन प्रकारे होतो. एकात नस बंद होते, दुसऱ्यात फुटते. नस बंद झालेल्याला रक्त पातळ करायची गोळी देतात, तीच फुटलेल्याला नडू शकते. पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेली सापडतात. चार दिवस अंगात तरतरी येते आणि बीपी वर जातं. मामांचं म्हणाल तर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणांना आपोआप फरक पडतो. पुडी नेमकी त्याच काळात घेतलेली असते.

कृषीकेंद्रवाले, तुमच्यासाठी चार गोष्टी.

खांदा दुखतो म्हणून डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेऊ नका. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिनही मनाने नको. पॅरासिटामॉल चालते.

थकवा आला की आपल्याकडे "एक सलाईन लावून द्या" म्हणतात. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. म्हणजे ठेचा-लोणचं सोडायचं आणि दिवसभराचं मीठ शिरेतून घ्यायचं, असा तो प्रकार.

बीपी 130/80 च्या आत ठेवायचं असतं. ते मोजता का? उन्हाळ्यात घाम जातो, त्यात लघवीची गोळी चालू असेल तर बीपी फार खाली येऊन किंवा सोडियम कमी होऊनही गळून जायला होतं. बसून आणि उभं राहून, दोन्ही मोजा. एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोडियम तपासा. रात्री जोरात घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि झटक्याची, म्हणजे फिटची, गोळी चालू आहे का? असेल तर नाव लिहा.

---

नाना_बाभूळगाव

डॉक्टरसाहेब रागावले. मी फक्त ऐकलेलं सांगितलं. बाकी आमच्या पीएचसीत बीपीची गोळी असली तं मशीन बंद, अन् मशीन चालू तं गोळी संपली. मानूस पुडीवाल्याकडे कावून जाते, हेबी लिहा कधी.

---

गावडॉक्टर

हे बरोबर बोललात. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या लोकांनी गावोगाव मृत्यूंची कारणं तपासली तेव्हा पहिल्या नंबरवर पक्षाघात निघाला. 2015 मध्ये तो अभ्यास छापून आला. हा शहरातल्या, सुखवस्तू लोकांचा आजार आहे असं आपल्याला उगाच वाटतं.

---

निशिगंध

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते आहे. माझं वेगळं होतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा होता, तो फुटला. जांघेतून तार घालून कॉइल बसवली. घरी आल्यावर निमोडिपीनच्या गोळ्या, दर चार तासांनी, एकूण एकवीस दिवसांचा कोर्स. नवरा रात्री गजर लावून उठवायचा.

माझे हातपाय कधीच गेले नाहीत. त्यामुळे मला काही झालंय हे कोणाला पटतच नाही. चुलीजवळ बसलं की डोळ्यांना उजेड टोचतो. महिला बचत गटाची बैठक म्हणजे पंधरा जणी एकदम बोलणार, मी मध्येच उठून येते. जाऊ म्हणते, "कामाच्या वक्तालेच कसं डोकं दुखते?" पहिल्यांदा उत्तर दिलं, आता देत नाही.

आणि भीती. साधं डोकं दुखलं तरी परत फुटलं की काय असं वाटून रात्रभर जागायची. शेवटी तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, कोणत्या दुखण्याला धावायचं? ते म्हणाले, एका झटक्यात, आयुष्यात कधी झालं नसेल इतकं जोरात दुखलं, सोबत उलटी, मान आखडणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातापायातली ताकद जाणं, यातलं काही झालं तर वाट न पाहता 108. हळूहळू चढणारं, झोपून उतरणारं दुखणं दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालेल. हे कागदावर लिहून कपाटाला आतून चिकटवलं. तेव्हापासून झोप लागते.

---

पुणेरी_जावई

सासुरवाडी अमरावतीची, म्हणून धागा उघडला. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन मिळतात, ते घ्या. न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे आठवड्यातून एकदा सेशन लावा, स्मरणशक्तीचे व्यायाम ऑनलाइनही होतात.

---

रानपाखरू

जावईबापू, आमच्या इकडे रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढा लागते. लकवा झालेला मानूस टाकीवर चढून स्मरणशक्ती वाढवीन का?

---

संत्रावाली

चिडवू नका त्यांना. कान झाकायचं बरोबर आहे. हे मेडिकलमधून फोमचे कानातले बोळे आणतात, वीस-तीस रुपयांचे. लग्नात खिशात ठेवूनच जातात.

---

रानपाखरू

अन् यवतमाळचा मानूस कापूस सोडून फोम कानात घालते, वाह रे जमाना!

---

फिजिओताई

मी वर्धा जिल्ह्यात फिजिओथेरपी करते.

आधी खांदा. उठवताना कोणी डावा हात धरून ओढतं का? घरचे प्रेमाने ओढतात आणि सांधा दुखावतो. काखेत हात घालूनही उचलायचं नाही. पाठीला आणि कमरेला आधार द्यायचा. झोपताना हाताखाली उशी घ्या, बसताना हात लोंबकळू देऊ नका. कडक मालिश बंद. हातासाठी वेगळं यंत्र नको. तूर निवडा, शेंगा सोला, सरकी काढा, दोरीला गाठी मारा आणि सोडा, सगळं डाव्या हाताने. कंटाळवाणं आहे, पण घरच्या कामात हात जितका वापराल तितका सुधारतो. सहा महिन्यांनी सुधारणा थांबते असं गावात सांगतात, ते खरं नाही. वेग कमी होतो, एवढंच.

आता मला खरं विचारायचंय ते वेगळं. खातेवहीत चुका होतात म्हणालात. जमा तुम्ही डावीकडे लिहिता ना?

---

कृषीकेंद्रवाला

हो. डावीकडे जमा, उजवीकडे नावे (म्हणजे उधारी), वडिलांपासून तशीच वही. का?

डॉक्टरसाहेब, दवाखान्यात असताना एकदा झटका आला होता, तेव्हापासून लेव्हेटिरासेटाम चालू आहे, सकाळ-संध्याकाळ. बीपी काल 150/94 होतं. डीजे गेल्यावर मोजलं होतं.

---

फिजिओताई

म्हणूनच विचारलं. भरलेले पैसे परत मागितले, म्हणजे जमेचा आकडा दिसला नाही. ताटात डावीकडचा भात उरतो का? दारातून जाताना डावा खांदा चौकटीला लागतो का? सदऱ्याची डावी बाही राहून जाते का?

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही जणांचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, दिसतं सगळं, पण मेंदू तिकडची दखल घेत नाही. माणसाला स्वतःला हे कळत नाही, म्हणून तो सांगतही नाही.

वहीच्या अगदी डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत जाड लाल रेघ मारा. प्रत्येक ओळ वाचायच्या आधी रेघ शोधायची, तिच्यावर बोट ठेवायचं, मग उजवीकडे यायचं. जेवताना ताट अर्धं फिरवून घ्या. घरच्यांनी मुद्दाम डावीकडे बसून बोलावं. आणि हे न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवून पक्कं होईपर्यंत मोटरसायकल अजिबात नाही. डावीकडून येणारी बैलगाडी तुम्हाला दिसणार नाही.

---

गावडॉक्टर

ताईंनी नेमकं पकडलं.

लेव्हेटिरासेटाम चांगली गोळी आहे, पण तिने काही जणांची चिडचिड फार वाढते. सगळाच राग गोळीचा नसेल, मेंदूच्या इजेनेही येतो. पण पुढच्या तपासणीला हे सांगाच, पर्याय असतात. मनाने बंद करू नका. एकदम बंद केली तर झटके येतात. आणि झटका येऊन गेलेला माणूस म्हणून विहिरीच्या काठावर, गच्चीवर, फवारणीला एकट्याने जायचं नाही. नदीत पोहणंही नको.

डीजेनंतरचं बीपी सोडा. पाच मिनिटं शांत बसून मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, आठवडाभर लिहून ठेवा. तेव्हाही 150 येत असेल तर गोळी वाढवावी लागेल.

जाहिरातीला रडू येणं म्हणजे मन कमकुवत झालं असं नाही. भावनांचा लगाम मेंदूतच असतो, तो सैल होतो. त्यावरही औषध आहे. पण कशातच रस नाही, झोप नाही, जगून काय करू असं वाटत असेल तर ते वेगळं. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेला, फोन करता येतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

---

खंजिरीवाला

थोडं विषयाबाहेर. माझ्या बाबांची मेंदूच्या डाव्या बाजूची नस फुटली, त्यामुळे बोलणंच गेलं. पाणी म्हणायचं तर "चप्पल" म्हणायचे आणि आपण समजलो नाही की संतापायचे. एक दिवस गुरुवारच्या भजनाला खाटेसकट ओसरीत आणलं. खंजिरी सुरू झाली आणि बाबा अख्खं धृपद म्हणाले, शब्दन् शब्द! आई तिथेच रडायला लागली.

डॉक्टर म्हणाले, पाठ असलेलं गाणं, पाढे, वार, शिव्या हे वेगळ्या वाटेने येतं, साधं बोलणं त्याने लगेच परत येईल असं समजू नका. तरी आम्ही रोज वार आणि पाढे म्हणून घेतो. आता "सोम, मंगळ" करत करत हव्या त्या वारापाशी थांबतात आणि बोट दाखवतात.

---

रानपाखरू

शिव्या शाबूत राह्यतात हे वाचून लय बरं वाटलं.

---

वणीकर

खर्ऱ्याचं, तंबाखू-सुपारीचं, कोणीच बोललं नाही. कृषी केंद्रवाले, खाता का?

---

कृषीकेंद्रवाला

दवाखान्यापासून बंद आहे. पण दुकानाच्या डावीकडेच पानठेला आहे.

---

वणीकर

डावीकडे हाये ना? मंग काही टेन्शन नाही, दिसनारच नाही तुमाले!

---

फिजिओताई

वणीकर, हसू आवरलं नाही. पण वास नाकाला दोन्हीकडून येतो.

---

कृषीकेंद्रवाला

मी यांची मिसेस लिहिते आहे. ते झोपले आहेत.

आज जेवताना पाहिलं. ताटातली डावीकडची वांग्याची भाजी तशीच होती. मला वाटायचं भाजी आवडत नाही आणि मीठ कमी केलं म्हणून रागाने ठेवतात. ताट फिरवलं, गुपचूप सगळी खाल्ली.

राग दुकानात कमी निघतो, घरी जास्त निघतो. मुलगी दहावीत होती, परीक्षेच्या वेळी मामाकडे पाठवली. त्यांना ते अजून माहीत नाही की का पाठवली. गोळीने असं होऊ शकतं हे कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं माणूसच बदलला. पुढच्या आठवड्यात नागपूरला जायचं आहे, तेव्हा मी स्वतः बोलणार आहे.

---

निशिगंध

वहिनी, त्यांच्यासमोर बोलायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या. आणि कोणी दोन दिवस घर सांभाळणारं असेल तर माहेरी जाऊन या. माझा नवरा असा कुठे विसाव्याला गेला नाही, त्याची तब्येत माझ्या नंतर बिघडली.

---

मृगनक्षत्र

उशिरा आलो. माझंही कृषी केंद्र आहे, वाशीम जिल्ह्यात, म्हणून मूळ प्रश्नावर येतो. दुकानात बसावं का?

बसा, पण काउंटरवर नाही. पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस तर अजिबात नाही. त्या दिवसांत आम्हा धडधाकट लोकांचंही डोकं फिरतं. एक माणूस सोयाबीनची पिशवी मागते, दुसरा तुरीचं बियाणं, तिसरा मागचं तणनाशक वापस करायले आलेला. भाचा-पुतण्या कोणी असेल तर त्याला समोर ठेवा. गिऱ्हाइकाकडून चिठ्ठी घ्या: नाव, वाण, किती. चिठ्ठी मागच्या खोलीत तुमच्याकडे. तुम्ही एका वेळी एक पाहायची. फवारणीचा सल्ला तोंडी द्यायचा नाही, लिहूनच द्यायचा, दुसऱ्याने मात्रा वाचून पाहिल्याशिवाय नाही. यात चूक झाली तर पीक जाते. बारा ते चार शटर बंद. विदर्भात मे-जूनच्या उन्हात तसंही कोण येते?

लोकांना काय सांगावं? "डोक्यात रक्त सांडलं होतं, जखम अजून ओली आहे, डॉक्टरने गर्दीत बसायला मनाई केली." डॉक्टरचं नाव घेतलं की आपल्याकडे कोणी वाद घालत नाही.

---

गावडॉक्टर

माझं नाव खुशाल घ्या.

कधी जातं, याचं उत्तर राहिलं. तारीख कोणीच देऊ शकत नाही. आठ-नऊ महिने म्हणजे तुम्ही अजून वाटेत आहात. डावीकडचं दुर्लक्ष आणि आवाजाचा त्रास सहसा कमी होत जातो, थकवा सगळ्यात शेवटपर्यंत रेंगाळतो.

जाता जाता: हातात कायमचा दोष राहिला तर जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढता येतं. 40 टक्के किंवा जास्त निघालं तर एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. नागपूरच्या फेऱ्यांना उपयोग होईल.

---

कृषीकेंद्रवाला

सगळ्यांचे आभार. लाल रेघ मारली. मागच्या दोन महिन्यांची पानं भाच्यासोबत तपासली, जमेच्या सात नोंदी सुटलेल्या निघाल्या. सातही जणांना फोन केले. दोघं म्हणाले, आम्हाला कळलंच होतं, तुमची तब्येत पाहून बोललो नाही.

भाचा 1 जूनपासून येतो आहे. बायको नागपूरला सोबत येणार, काहीतरी लिहून ठेवलंय तिने, दाखवत नाही.

---

रानपाखरू

भाऊ, एक सहज विचारतो. जमा विसरता, हे समजलं. नावेचं काय? आमच्या गावच्या कृषी केंद्रवाल्याची उजवी बाजू थोडी विसराळू होत असली तं उपाय सांगा.

---

कृषीकेंद्रवाला

नावे उजवीकडे असते. एकही नोंद सुटलेली नाही.

---

रानपाखरू

मेलो.